आधी कळमना, मग आलेख

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला व्यावसायिक अर्थशास्त्र समोर येते ते दोन रेषांच्या रूपात. मागणीची रेषा खाली उतरते, पुरवठ्याची वर चढते आणि दोन्ही जिथे छेदतात ती किंमत. आकृती नीट काढली, अक्षांना नावे दिली की गुण मिळतात. पण आंबिया बहाराच्या ऐन हंगामात नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा भाव का कोसळला असे विचारले, तर ‘व्यापाऱ्यांनी पाडला’ यापलीकडे उत्तर बहुधा येत नाही. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या शहराची ओळखच संत्र्याने झाली, तिथे हा विषय संत्र्यापासूनच सुरू व्हावा आणि आकृती त्यानंतर यावी, असे माझे ठाम मत आहे.

आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या आपल्या ग्रंथात पुरवठ्याचा विचार काळानुसार वेगवेगळा केला आणि त्यासाठी मासळीबाजाराचे उदाहरण घेतले. आपल्याला तेवढे लांब जायला नको. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडून आलेली गाडी कळमन्यात रिकामी होते, मोठे फळ वेगळे, मध्यम वेगळे, चुरी वेगळी अशा ढेऱ्या लागतात आणि हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होतो. भाव पटला नाही म्हणून माल परत नेणे शेतकऱ्याला परवडत नाही. फळ नाशवंत, तोडणी आणि भाडे आधीच खर्ची पडलेले. त्या दिवसापुरती पुरवठ्याची रेषा उभीच असते. काही आठवड्यांचा विचार केला तर तोडणी थोडी पुढेमागे करता येते, पण फार थांबले की फळगळ होते. आणि दीर्घकाळ म्हणजे काय, हे शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत कळते. आज भाव चांगला म्हणून कलम नेले, तरी झाड बहरात यायला चार-पाच वर्षे जातात, तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बागाही फळाला आलेल्या असतात. भावाच्या चढउताराचे चक्र यातून कसे फिरते, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा इथे लवकर समजते.

लवचीकता हा पहिल्या वर्षातला सर्वांत जास्त पाठ केला जाणारा आणि सर्वांत कमी समजणारा भाग. त्यासाठी बांगलादेशाचे उदाहरण घ्यावे. विदर्भाच्या संत्र्याचा हा मोठा परदेशी ग्राहक. त्या देशाने 2019 नंतर संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले आणि 2023 पर्यंत ते चौपटीहून अधिक झाले. निर्यात घटली, तो माल देशातल्याच बाजारात आला आणि भाव खाली आले. शुल्क वसूल झाले सीमेपलीकडे, पण त्याचा मोठा भार वरुडच्या बागायतदारावर पडला, कारण झाडावर पिकलेले फळ तो दुसरीकडे वळवू शकत नाही. ज्याचा पुरवठा कमी लवचीक, कराचा अधिक भार त्याच्यावर, हा नियम एवढ्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणे अवघड. हिवाळ्यात पंजाबचा किन्नू आला की संत्र्याची मागणी सरकते. पर्यायी वस्तू म्हणजे काय, तेही इथेच दिसते.

यासाठी पैसाही लागत नाही. आवक आणि किमान, कमाल व सरासरी दर राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज मराठीत मिळतात. विद्यार्थ्याने दोन महिन्यांचे आकडे वहीत उतरवावेत. आवक वाढली की भाव पडतो, हे त्याला बहुतेक दिवशी दिसेल. पण एखाद्या दिवशी आवक आणि भाव दोन्ही वाढलेले दिसले, की तो थबकेल. रेषेवरून सरकणे आणि रेषाच सरकणे यांतला फरक, ज्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो, तो त्या क्षणी त्याच्या डोक्यात बसेल.

यावर आक्षेप घेतला जाईल की सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, तिथे कळमना कोण विचारतो? खरे आहे, पण पर्याय निवडताना पाठांतर दगा देते, समजलेले देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संत्र्याचा बाजार पूर्ण स्पर्धेचा नाही, अडत्याकडे माहिती आणि भांडवल जास्त असते, मग हा नमुना कसा? माझ्या मते हेच त्याचे बळ. पूर्ण स्पर्धेची गृहीतके एकेक करून कळमन्याला लावून पाहिली, की कुठे लागू पडतात आणि कुठे नाही हे विद्यार्थी स्वतः सांगेल. ‘व्यापाऱ्यांनी पाडला’ या त्याच्या उत्तरात किती तथ्य आहे, हेही तोच ठरवू शकेल. आणि ज्याला शेतीशी देणेघेणे नाही, मिहानमधल्या कंपनीत नोकरी करायची आहे, त्याने लक्षात घ्यावे की विमानातली रिकामी जागा किंवा हॉटेलची रिकामी खोलीही उद्यासाठी साठवता येत नाही. तिथला दरही याच तर्काने हलतो.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत, पण ते दुसऱ्या वर्षी. तोवर थांबण्याचे कारण नाही. पहिले सत्र संपण्याआधीच आंबिया बहाराची आवक सुरू होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण या आवक-भावाच्या वहीला द्यावेत, आणि बाजार समितीने हर्रासाच्या वेळी एकेका तुकडीला आत येऊ द्यावे.