लहान महाविद्यालयाचा संघ

बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच खेळाडू उतरतात, संघात बारापर्यंत असतात. लहान महाविद्यालयात मुलींचा संघ अडतो तो याच आकड्यावर. विद्यापीठ असो वा महाविद्यालय, दरवर्षी काही मुली पदवी घेऊन जातात आणि खेळाडू नव्याने शोधावे लागतात. तयार खेळाडू साहजिकच सोयी असलेल्या संस्थांकडे वळतात. कानपूरची जवळपास सात फूट उंचीची बास्केटबॉलपटू पूनम चतुर्वेदी घडली ती छत्तीसगडमधील भिलाईत, प्रशिक्षक राजेश पटेल यांच्या हाताखाली.

म्हणून लहान महाविद्यालयाला आपल्याच मुलींमधून खेळाडू घडवावे लागतात; त्यासाठी केवळ उंची पाहून निवड करणे चूक आहे. खो-खो खेळलेल्या मुलीला पळता पळता दिशा बदलणे अंगवळणी पडलेले असते. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, बचाव करणारीला चकवणे आणि दोन पावलांत बास्केटजवळ जाऊन ले-अप टाकणे ती लवकर शिकते. हँडबॉल खेळलेलीचा झेल पक्का असतो. खरी अडचण घरची. सराव किती वाजता सुटणार, परतताना सोबत कोण, हे पालकांना आधीच सांगायला हवे. वाराणसीच्या प्रशांती सिंह यांना बास्केटबॉलसाठीच 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, हेही पालकांना जरूर सांगावे. इतर खेळ खेळलेल्या मुली सापडाव्यात म्हणून क्रीडाशिक्षकांनी प्रवेश अर्जातच ‘शाळेत कोणता खेळ खेळलात?’ असा रकाना घालून घ्यावा.