नट जाम का झाला, हे सभेत विचारा

कारखान्याचा पट्टा पडला की आम्हा फिटर लोकांचा खरा सीझन सुरू होतो. मिल उघडायची, रोलर काढायचे, बेअरिंग बघायची. पण निम्मा वेळ खातात ते जाम झालेले नट. रस, वाफ, पाणी सगळं त्यांच्यावरच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांत पाचर ठोकल्यासारखा बसतो.

सोडवायची रीत जुन्या फिटरना पाठ आहे. ब्रशने आटे साफ करा, तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी नटाला चारी बाजूंनी ठोके द्या. आधी किंचित आवळा, मग सोडा. तरी हलला नाही तर तेल पुसून घ्या, आसपासचा भुसा हटवा आणि गॅसने नट तापवा, बोल्ट नाही. १०० मिमी पोलाद १०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.१२ मिमी वाढतं. पण नट वाढला की गंजाची पकड मोडते. यात जादू नाही, फक्त वेळ लागतो.

आणि वेळच कुणी देत नाही! "पाईप लावा, ओढा," एवढंच. आमच्याकडे असाच पान्याला लांब पाईप लावला, दोघं लोंबकळले, पाना सटकला. कंत्राटी हेल्परची दोन बोटं गेली. कागदावर काय लिहिलं? कामगाराचा निष्काळजीपणा. आदल्या रात्री तेल सोडू दिलं असतं तर?

साहेब म्हणतात, कटरने पाच मिनिटांत काम होतं. खरंय, साधा नट कापलेलाच बरा. पण हाउसिंगमधला स्टड आत तुटला की ड्रिल मारून नवे आटे पाडण्यात दोन दिवस जातात. वाचवलेली एक रात्र अशी महागात पडते.

माझं म्हणणं एवढंच. दर ऑफ सीझनला मोठे नट एकदा सोडून, ग्रीस लावून परत बसवा. कंत्राट देताना तेल मुरायची रात्र त्यात धरा. आणि जुना फिटर रिटायर व्हायच्या आधी त्याच्या हाताखाली दोन आयटीआयची पोरं द्या.

सभासद मंडळी, येत्या सभेत उसाचा दर जरूर विचारा. पण देखभालीवर किती खर्च झाला आणि किती जण जखमी झाले, हेही विचारा. नट एका दिवसात जाम होत नाही राव, वर्षानुवर्षं न बघितल्यामुळे होतो.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा.