कव्हरच्या मागचं नाव

'डोगॉन ए. डी.' सुरू होते तेव्हा सॅक्सोफोन गप्प असतो, ट्रम्पेटही गप्प. वाजत असतात ते फक्त ड्रम्स आणि चेलो. चेलोवरचा गज असा दाबून ओढलेला की तारेवरची राळसुद्धा ऐकू यावी. ब्लूजच्या वळणाचा एक छोटासा तुकडा, जरा घसरत खाली येणारा. तो संपतो आणि पुन्हा तोच येतो. आपण पायानं ताल धरायला जातो आणि एका ठिकाणी हमखास फसतो, कारण मात्रा अकरा आहेत. रुद्र किंवा चारताल की सवारी ऐकलेल्या माणसाला अकराचं अप्रूप नसेल. पण इथे टाळी-खाली दाखवायला समोर कोणी बसलेलं नाही. समेची जागा आपली आपणच शोधायची. मग सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट येतात, एकमेकांना अडवत बोलतात, किंचाळतात, दमतात. जवळजवळ पंधरा मिनिटं हे चालतं आणि तेवढा वेळ तो चेलो आपली जागा सोडत नाही.

ही रेकॉर्ड 1972 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मुद्रित झाली. सॅक्सोफोनवाला ज्युलियस हेम्फिल; त्यानंच ती 'मबारी' या स्वतःच्या चिमुकल्या लेबलवर काढली. ट्रम्पेटवर बायकिडा कॅरोल, ड्रम्सवर फिलिप विल्सन. बास नाही. ज्या वाद्याशिवाय जाझचा ताफा उभाच राहत नाही असं आपण समजतो, ते वाद्य इथे नाही. त्या रिकाम्या जागी बसलाय पंचविशीही न गाठलेला एक चेलोवादक. नाव अब्दुल वदूद.

जाझची पुस्तकं चाळलीत तर हेम्फिल सापडतो. वदूद सापडतो तो बहुतेक वेळा स्वल्पविरामांच्या मधे, वादकांच्या यादीत. रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला नायकाचं नाव, मागच्या बाजूला बारीक टायपात बाकीच्यांची. वदूदची जवळजवळ सगळी कारकीर्द या मागच्या बाजूला झाली. तरीही 'डोगॉन ए. डी.'मधून कोण काढून टाकलं तर ती रेकॉर्ड कोसळेल, याचं उत्तर माझ्यापुरतं तरी हेम्फिल हे नाही.

आपल्याकडे तबल्याचं एकल वादन असतं तेव्हा शेजारी कोणीतरी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरून बसलेलं असतं. तीच ओळ, तासभर. तबलजी वाटेल तिथे भटकून येतो, कारण घर कुठे आहे हे लेहरेवाला त्याला सांगत असतो. टाळ्या तबलजीला. वदूदचं काम मला सर्वांत आधी कळलं ते या लेहऱ्याच्या वाटेनं. फरक एवढाच, की चांगला लेहरेवाला स्वतःला पुसून टाकतो आणि वदूद तसं करत नाही. आठ-दहा आवर्तनं तुकडा जसाच्या तसा येतो. नंतर एखादा स्वर तो अर्ध्या श्रुतीनं ओढतो, कधी एकाऐवजी दोन तारांवर गज टाकतो, कधी शेवटचं अक्षर गिळतो. सॅक्सोफोन ऐकत बसलात तर कळतही नाही. एकदा कान खाली नेऊन फक्त चेलो ऐका. पंधरा मिनिटांची ती वेगळीच रेकॉर्ड आहे.

चेलो तसा आपल्या कानांना परका नाही. हिंदी सिनेमातल्या कितीतरी गाण्यांच्या मागे व्हायोलिनच्या ताफ्याखाली तो वाहतोय, आणि ते वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं किती होती हे वेगळं सांगायला नको. त्यांचीही नावं आपण कधी विचारली नाहीत. पण जाझमध्ये चेलो म्हणजे कायमचा पाहुणा. ऑस्कर पेटिफोर्ड हा मोठा बासवादक 1949 मध्ये बेसबॉल खेळताना हात मोडून बसला आणि त्या काळात चेलोकडे वळला. पण त्यानं तो बाससारखा चौथ्या स्वरांच्या अंतरानं लावून घेतला, म्हणजे वाद्य चेलो आणि मन बासचंच. पन्नाशीच्या दशकात चिको हॅमिल्टनच्या संचात फ्रेड कॅट्झ होता, तो पाब्लो कासाल्सचा शिष्य. त्याचा चेलो देखणा, बैठकीच्या खोलीत शोभणारा. एरिक डॉल्फीच्या 1960 मधल्या 'आउट देअर'वर रॉन कार्टर चेलो वाजवतो. कार्टर मुळात चेलोचाच विद्यार्थी, पुढे बासकडे गेला. काळ्या मुलाला सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलोवर जागा मिळणं त्या काळात किती अवघड होतं, हे त्यानंच पुढे बोलून दाखवलंय. एकूण काय, जाझमध्ये चेलो वाजवणारा बहुधा दुसऱ्या कुठल्या वाद्याहून आलेला किंवा दुसऱ्या वाद्याकडे निघालेला असायचा.

वदूद आला तोही सॅक्सोफोनच्या शेजारून. 1947 मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये त्याचा जन्म, मूळ नाव रोनाल्ड डीव्हॉन. शाळेच्या दिवसांत तो ऑल्टो सॅक्सोफोन आणि चेलो दोन्ही वाजवायचा आणि शेवटी त्यानं सॅक्सोफोन सोडला. जाझमध्ये शिरायचं असलेल्या पोरानं सॅक्सोफोन सोडून चेलो ठेवणं म्हणजे हायवे सोडून शेताच्या बांधावरून गाडी घालणं. पण सॅक्सोफोनचा श्वास त्याच्या गजात उरला, असं मला नेहमी वाटतं. त्याची वाक्यं श्वास संपतो तिथे तुटतात. गजाला श्वास घ्यायची गरज नसते, तरीही.

क्लीव्हलंड हे पोलाद आणि कारखान्यांचं शहर. अल्बर्ट आयलर हा जाझमधला सर्वांत मोठा आरडाओरडा करणारा (हे मी कौतुकानं म्हणतोय) तिथलाच. साठीच्या दशकाच्या अखेरीला त्याच परिसरात युसुफ मुमीन, हसन शाहिद आणि वदूद यांनी 'ब्लॅक युनिटी ट्रिओ' काढला: सॅक्सोफोन, ड्रम्स, चेलो. नागरी हक्कांच्या चळवळीचे, कृष्णवर्णीय अस्मितेचे ते दिवस. अनेक तरुण वादकांनी इस्लाम स्वीकारला, नावं बदलली. 1968 च्या डिसेंबरात त्यांनी 'अल-फातिहा' ही रेकॉर्ड मुद्रित केली. ती सोसायला जरा तयारी लागते. तिच्यात वदूदचा चेलो जळत्या लाकडासारखा तडतडतो.

पुढची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते. हाच माणूस नंतर न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात बर्नार्ड ग्रीनहाउसकडे शिकायला गेला. ग्रीनहाउस म्हणजे 'बो-झार ट्रिओ'चा चेलोवादक, तोही कासाल्सचा शिष्य. बाखच्या एकल चेलोच्या सूट्स लोक रियाजाचे धडे समजत होते, त्या मैफिलीत आणल्या त्या याच कासाल्सनं. आपल्या भाषेत सांगायचं तर घराणं अव्वल. आणि ते शिक्षण वाया घालवायचा वदूदचा विचार नव्हता: सत्तरच्या दशकात तो न्यू जर्सी सिम्फनी ऑर्केस्ट्रातही वाजवत होता. त्याच वर्षांत मॅनहॅटनमधल्या जुन्या गोदामांच्या माड्यांवर, ज्याला तिथे 'लॉफ्ट' म्हणत, हेम्फिल आणि मंडळींबरोबर बसून तो अकरा मात्रांत गज घासत होता. 1976 मध्ये सॅम रिव्हर्सच्या 'स्टुडिओ रिवबी' या लॉफ्टवर झालेल्या मैफिलींचं 'वाइल्डफ्लॉवर्स' नावानं मुद्रण आहे, त्यात तो हेम्फिलच्या संचात सापडतो. एका ठिकाणी नोटेशन, दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नसणार.

त्यानं स्वतःच्या नावावर काढलेली एकल रेकॉर्ड एकच, 'बाय मायसेल्फ', 1977 ची. लेबल पुन्हा स्वतःचंच, 'बिशारा'. साथीला कोणी नाही, फक्त चेलो. आता लेहरा धरायला दुसऱ्याचं गाणं नाही म्हटल्यावर हा काय करतो, याची मला उत्सुकता होती. तर तो दोन्ही कामं एकटाच करतो. खालच्या तारेवर अंगठ्यानं तुकडा चालू ठेवायचा, वरच्या तारेवर गाणं म्हणायचं. मधेच गज बाजूला ठेवून सगळ्या तारा गिटारसारख्या झणकारायच्या. वादन शहरी आहे, शिकलेलं आहे, पण त्यातून मिसिसिपीकडचा एखादा जुना ब्लूजवाला ओसरीवर बसून गिटार छेडतोय, असा भास होत राहतो. मग गज पुन्हा हातात येतो आणि अचानक ग्रीनहाउसचा विद्यार्थी बोलू लागतो: स्वच्छ, लांब, एका दमाचा स्वर. या दोन गोष्टींत सांधा दिसत नाही. मी पुष्कळ शोधला.

'अवाँ-गार्द' या शिक्क्यानं वदूदचं फार नुकसान केलं, असं माझं मत आहे. शिक्का बसला की सामान्य श्रोता लांब पळतो आणि जाणकार श्रोता कपाळाला आठ्या घालून ऐकायला बसतो. दोघांच्याही हातून वदूद निसटतो, कारण त्याच्या वादनाचा गाभा पाय हलवणारा आहे. आर्थर ब्लाइथच्या रेकॉर्डी ऐका: 1980 ची 'इल्यूजन्स', 1983 ची थेलोनियस मंकच्या रचनांची 'लाइट ब्लू'. ऑल्टो सॅक्सोफोन, गिटार, चेलो, ड्रम्स आणि बासच्या जागी चक्क ट्यूबा, आपल्या लग्नाच्या बँडमधलं ते पोटाभोवती गुंडाळलेलं पितळी भोंगा वाद्य वाटावं तसलं. कागदावर हे प्रकरण विनोदी दिसतं. ऐकताना मांडी थोपटली जाते. खालचा भार ट्यूबानं उचलल्यामुळे चेलो मोकळा सुटतो आणि ब्लाइथच्या सॅक्सोफोनभोवती फेर धरतो. आणि या रेकॉर्डी कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीच्या होत्या! म्हणजे वदूद अगदी अडगळीत होता असंही नाही. नावं मागच्या बाजूला होती, एवढंच.

पियानिस्ट अँथनी डेव्हिस आणि बासरीवाला जेम्स न्यूटन यांच्याबरोबरची 1982 ची 'आय हॅव नोन रिव्हर्स' समीक्षकांना आवडते. मला ती जरा जास्तच इस्त्री केलेली वाटते. वदूद तिथे सुंदर वाजवतो, पण त्याच्या गजावरची धूळ झटकलेली आहे, आणि मला ती धूळ हवी असते.

नव्वदच्या दशकात त्यानं जाहीर वादन थांबवलं. हेम्फिलबरोबरची 'ओकलंड ड्युएट्स' ही शेवटच्या खुणांपैकी एक. सॅक्सोफोन आणि चेलो, दोनच वाद्यं, वीस वर्षांची ओळख. हेम्फिल 1995 मध्ये गेला. इथे 'उपेक्षित कलावंताची शोकांतिका' लिहायचा मोह होतो आणि अशा लेखांना वाचक भरभरून पत्रंही लिहितात. पण वदूदच्या बाबतीत ते लिहायला माझा हात धजत नाही. त्याच्याकडे ऑर्केस्ट्रातलं काम होतं, त्याच्या पिढीतले उत्तम वादक त्याला शोधत यायचे, आणि त्यानं वाद्य खाली ठेवलं. गाळलेलं आपण, ऐकणाऱ्यांनी. त्या गाळण्यालाही व्यावहारिक कारणं होती: 'मबारी', 'बिशारा' असल्या घरगुती लेबलांच्या मोजक्या प्रती निघायच्या, संपायच्या, पुन्हा निघायच्या नाहीत. 'डोगॉन ए. डी.' 1977 मध्ये मोठ्या कंपनीनं पुन्हा काढली, पण नंतर तीही बाजारातून वर्षानुवर्षं गायब होती. त्याच दिवशी मुद्रित झालेली 'द हार्ड ब्लूज' ही वीस मिनिटांची चीज तर जागेअभावी त्या रेकॉर्डवर मावलीच नाही, दुसऱ्याच रेकॉर्डवर जाऊन पडली. जे ऐकायलाच मिळत नाही त्याची आठवण कोण ठेवणार?

वादकांनी मात्र ठेवली. तमिळ आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या विजय अय्यर या पियानिस्टनं 2009 च्या 'हिस्टॉरिसिटी'वर 'डोगॉन ए. डी.' वाजवली आहे, पियानो-बास-ड्रम्सच्या ताफ्यात. तिथे वदूदची ओळ वाटून घ्यावी लागते, ती एका माणसाला पेलत नाही. शिकागोची चेलोवादक टोमेका रीड वदूदचं ऋण उघड सांगते. त्याच्याशी झालेल्या दुर्मीळ दीर्घ मुलाखतीत विचारणाऱ्यांपैकी ती एक होती. वदूदचा मुलगा रहीम डीव्हॉन हा अमेरिकेतला नावाजलेला आर अँड बी गायक. अब्दुल वदूद या नावानं इंटरनेटवर जेवढं सापडतं, त्याच्या कितीतरी पट मुलाचं सापडतं.

ऑगस्ट 2022 मध्ये वदूद क्लीव्हलंडला वारला, वय 75. दोनच महिन्यांनी टोमेका रीडला मॅकआर्थर फेलोशिप जाहीर झाली. 2023 मध्ये 'बाय मायसेल्फ' पुन्हा निघाली आणि ती काढली क्लीव्हलंडमधल्याच रेकॉर्ड छापणाऱ्या एका कारखान्यानं, 'गॉटा ग्रूव्ह'नं. 'अल-फातिहा'ही त्यांनीच त्याआधी पुन्हा काढली होती.

'सुरुवात कुठून करू?' असं विचारणाऱ्यांसाठी: 'अल-फातिहा'पासून नको, दाराशीच परत फिराल. आधी 'लाइट ब्लू' लावा, मंकच्या चाली ओळखीच्या असतील तर उत्तम, नसतील तरी बिघडत नाही. मग 'डोगॉन ए. डी.', दोनदा; दुसऱ्या वेळी फक्त चेलो. 'बाय मायसेल्फ' त्यानंतर, आणि ती मोबाइलच्या स्पीकरवर नको. खालची तार त्यातून येतच नाही.