लॅपटॉप मूळ पदावर आणण्यापूर्वी



कचेरीत एखाद्याची तात्पुरती बढती संपली की 'मूळ पदावर प्रत्यावर्तित' असा शेरा येतो. माणूस जुन्या खुर्चीवर जातो, पण त्याचे सेवापुस्तक शाबूत राहते. लॅपटॉप बिघडला की हल्ली आपल्याकडे असाच शेरा मारला जातो : "रिसेट मारा, नव्यासारखा होईल." तो होतोही. पण येथे खुर्चीबरोबर सेवापुस्तकही जाऊ शकते, हे सांगायला कोणी थांबत नाही. म्हणून आजचे सदर त्यासाठी.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर आले. ज्या घरांत कधी संगणक नव्हता तेथे जुना लॅपटॉप आला. कोणी दहिसरहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, वापरलेला घेऊन आले. कोणाला साहेबांनी जुना दिला. श्रीमंताघरी माणशी एक यंत्र असते. आपल्याकडे एकच लॅपटॉप साऱ्या घराचा असतो. त्यात मुलीचा प्रकल्प, मुलाचा बायोडाटा, आईचे बचतगटाचे हिशेब, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वारलेल्या आजोबांचे फोटो. घरातली पत्र्याची पेटी जशी, तसा तो लॅपटॉप. पेटी साफ करायची तर आपण आधी आतले कागद बाहेर काढतो. मग येथे का नाही?

केतकीपाड्यातील एका मुलीचे उदाहरण आमच्या समोरचे आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप सुरू व्हायला पाव तास घेऊ लागला, म्हणून ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने विचारले, "डेटा ठेवायचा की क्लीन करायचा?" तिला वाटले, क्लीन म्हणजे साफसफाई. "क्लीन करा," ती म्हणाली. संध्याकाळी लॅपटॉप चकचकीत होऊन घरी आला आणि प्रकल्प अहवालाची चाळीस पाने गेली. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी चढवायचे दाखले स्कॅन करून ठेवले होते, तेही गेले. मूळ दाखले घरी होते म्हणून निभावले. पण उत्पन्नाच्या दाखल्याची नुसती फाईलच होती, छापील प्रत नव्हती. तो पुन्हा मिळविण्यात आईचे दोन खाडे झाले. दुकानदाराने लबाडी केली नव्हती. त्याने प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाचा अर्थ तिला कोणी शिकविला नव्हता, एवढेच. तो अर्थ आज आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट, रिसेटची गरज आहे का ते पाहावे. जागा भरली असेल तर यंत्र रडते. नको ते व्हिडिओ आणि प्रोग्रॅम काढून पाहावेत. कित्येक जण झाकण मिटवतात आणि त्यालाच बंद करणे समजतात. एकदा 'रीस्टार्ट' द्यावा. सुरू होतानाच दहा प्रोग्रॅम उघडत असतील तर ते थांबवावेत. पुष्कळदा यातच सुंठीवाचून खोकला जातो. विषाणू शिरला असेल, यंत्र वारंवार बंद पडत असेल, किंवा ते दुसऱ्याला द्यायचे असेल, तर मात्र रिसेट योग्य.

दुसरी गोष्ट, आधी कागद बाहेर काढणे. पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत घ्यावी. नुसते 'डॉक्युमेंट्स' पाहून थांबू नये. 'डेस्कटॉप', 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स' आणि डी ड्राइव्ह असल्यास तोही पाहावा. महत्त्वाचे दाखले गूगल ड्राइव्हवरही ठेवावेत. तेथे १५ जीबी जागा फुकट मिळते. प्रत घेतल्यावर तो पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात लावून दोन-चार फाईली उघडून पाहाव्यात. प्रत उघडते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय प्रत झाली असे मानू नये. कचेरीतही आम्ही पावती हातात आल्याशिवाय अर्ज पोचला असे म्हणत नाही.

ज्यांचे पोट संगणकावर आहे त्यांनी आणखी जपावे. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांची आकडेवारी पुष्कळदा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते, 'डॉक्युमेंट्स'मध्ये नव्हे. टॅलीतूनच 'बॅकअप' घ्यावा आणि तो बाहेर ठेवावा. लग्नपत्रिका, पत्रके जुळविणारे बांधव श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरतात. रिसेटनंतर हे प्रोग्रॅम आणि त्यांचे टाइप जातात, आणि जुनी पत्रके उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. घाबरू नये, फाईल बिघडलेली नसते, टाइप नसतो. पण ते परत बसवायला मूळ सीडी, नोंदणी क्रमांक आणि असल्यास कुलूपवजा डोंगल हाताशी हवे. साधे युनिकोड मराठी मात्र विंडोजमध्येच असते. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की झाले.

तिसरी गोष्ट, वहीत टिपून ठेवण्याच्या तीन नोंदी. एक, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्यांचे पत्ते व पासवर्ड. दोन, 'ॲक्टिव्हेशन' या पानावर विंडोज 'डिजिटल लायसन्स'ने चालू आहे का; तसे असेल तर रिसेटनंतर इंटरनेट जोडताच परवाना आपोआप परत मिळतो, कारण तो त्या यंत्राच्या मुख्य पाटीशी बांधलेला असतो. तीन, बिटलॉकरची चावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते, आणि अडचणीच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी क्रमांक मागितला जातो. तो बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेला असतो. आधीच उतरवून घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'रिकव्हरी' असे जावे. विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज', 'अपडेट अँड सिक्युरिटी', 'रिकव्हरी'. तेथे 'रिसेट धिस पीसी' आहे. यंत्र सुरू होते पण आत शिरू देत नाही, असे असेल तर पासवर्डच्या पडद्यावर शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' द्यावा. मग 'ट्रबलशूट'मध्ये तीच सोय सापडते.

पुढे दोन दारे उघडतात आणि सारा घोळ येथेच होतो. पहिले दार 'कीप माय फाईल्स'. यात आपल्या फाईली राहतात, पण आपण बसविलेले प्रोग्रॅम आणि सेटिंग जातात. दुसरे दार 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. यात फाईलीही जातात. यंत्र घरातच राहणार असेल तर पहिले दार. दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर दुसरे. पहिल्या दाराने गेलो तरी प्रत आधी घ्यावीच, कारण मध्येच काही अडले तर हातात काही राहत नाही.

नंतर विचारणा होते : 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल'? क्लाउड म्हणजे विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेणे. त्याला ४ जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. ज्यांच्या मोबाईलला रोजचे दीड-दोन जीबी मिळतात त्यांचे पॅक अर्ध्यातच संपेल. अशांनी 'लोकल' निवडावे. ते जमले नाही, तरच वायफाय असेल तेथे जाऊन 'क्लाउड' करावे. चार्जर शेवटपर्यंत लावून ठेवावा. काम दोन-तीन तासही चालते. पडदा मध्येच काळा होतो, टक्क्यांचा आकडा एका जागी थबकतो. म्हणून बटण दाबून बंद करू नये.

यंत्र विकताना किंवा देताना आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेक जण गाळतात. फाईल 'डिलीट' केली म्हणजे ती नाहीशी होत नाही. रेकॉर्ड रूमच्या नोंदवहीतून फाईलचा क्रमांक खोडावा आणि फाईल कपाटातच राहावी, तसा तो प्रकार. शोधणाऱ्याला ती सापडते. त्यासाठी 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करावे. त्याने डिस्कची सफाई होते आणि जुने परत काढणे फार अवघड होते. वेळ मात्र पुष्कळ लागतो. त्याच पानावर, एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर, सर्व ड्राइव्ह साफ करण्याचीही निवड असते. ती केली नाही तर नुसता विंडोजचा ड्राइव्ह साफ होतो आणि डी ड्राइव्हवरचे आधार, पॅन, मुलीबाळींचे फोटो नव्या मालकाच्या घरी जातात. आपल्या कागदावर कोणी सिमकार्ड घेतले, कर्ज काढले, तर निस्तरताना जीव जातो. तसे काही घडल्याचे कळले तर उशीर न करता सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा.

उलट, जुना लॅपटॉप विकत घेताना विक्रेत्याला आपल्यासमोर रिसेट पूर्ण करायला सांगावे. देश विचारणारा पहिला पडदा आला म्हणजे निम्मे काम झाले. मग मोबाईलचे इंटरनेट जोडून पुढे जावे. तेथे एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिचा ई-मेल मागितला गेला, तर ते यंत्र त्या कंपनीच्या दप्तरी अजून नोंदलेले आहे असे समजावे. ॲपलच्या यंत्रावर आधीच्या मालकाचे खाते मागितले गेले, तर तेही कुलूप मालकानेच काढायचे असते. अशा वेळी पैसे देऊ नयेत. कितीही वेळा रिसेट केले तरी ते कुलूप निघत नाही.

शेवटी, रिसेटने काय होत नाही तेही स्पष्ट सांगतो. त्याने म्हातारी बॅटरी तरुण होत नाही, पंख्यातली धूळ जात नाही, कमी रॅम वाढत नाही. जुनी फिरती हार्डडिस्क संथ असेल तर तिच्या जागी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो तो रिसेटने पडत नाही. आणि विंडोज १० रिसेट केले तर विंडोज १० च परत येते. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत जाहीर झाली. तेव्हा "रिसेट करून नवा केलाय" असे सांगून कोणी लॅपटॉप विकत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालते का, हे आधी विचारावे.

आपल्या वस्त्यांतून एमएस-सीआयटी केलेली शेकडो मुले-मुली आहेत. तो अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. त्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता आई-बाप झाले आहेत. त्यांना आमची विनंती आहे. महिन्यातला एक रविवार, दोन तास, वस्तीच्या अभ्यासिकेत बसावे. ज्याला गरज असेल त्याने लॅपटॉप, चार्जर आणि रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावे. पण यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊन बाहेर चहा पिऊ नये. माउस मालकाच्याच हातात असावा, जाणत्याने शेजारी बसून सांगावे. अशाने पैसे वाचतील हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पुढच्या वेळी कोणी "डेटा ठेवायचा की क्लीन करायचा?" असे विचारले, तर आपल्या घरातली मुलगी न अडखळता उत्तर देईल, "आधी थांबा, मला प्रत घेऊ द्या."