थोरला मुलगा अजून दाराबाहेरच

उधळ्या पुत्राचा दाखला आमच्या कानांना इतका सवयीचा झाला आहे की त्याचा शेवट आम्ही विसरूनच गेलो आहोत. धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो, मेजवानी होते. एवढ्यावर आमचे डोळे पाणावतात आणि आम्ही समाधानाने घरी जातो. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय तेथे संपत नाही. थोरला मुलगा रागावून दाराबाहेर उभा आहे, बाप त्याची मनधरणी करीत आहे आणि तो आत गेला की नाही, हे प्रभू येशू सांगतच नाही. पाप्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून प्रभूविषयी कुरकुर करणाऱ्या धर्मनिष्ठांना हा दाखला सांगितलेला आहे. म्हणजे तो आम्हांलाच सांगितलेला आहे.

आमच्या धर्मग्रामांत काय घडते? दारूपायी संसार उधळलेला किंवा येरवड्याची शिक्षा भोगून आलेला एखादा रविवारी मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसतो. धर्मगुरू त्याला पापक्षमा देतात. बाकावरची माणसे मात्र जरा सरकून बसतात. घर सोडून गेलेली मुलगी परतली तर तिच्या आईच्या वाट्याला विचारपूस येत नाही, चौकशी येते. दाखल्यातील थोरला बापाला ‘तुझा मुलगा’ म्हणतो, ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. आम्हीही ‘अमक्यांचा मुलगा’ असेच म्हणतो. बाप मात्र उत्तर देताना ‘तुझा भाऊ’ या शब्दांची आठवण करून देतो.

यावर काही जण म्हणतात, दयेलाही मर्यादा हवी, अशाने मुलांना वळण कसे लागेल? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. नवऱ्याच्या व्यसनापायी जिने मार खाल्ला, तिला क्षमेचे धडे बाहेरच्यांनी देऊ नयेत. पण क्षमा म्हणजे अपराधावर पांघरूण नव्हे. दाखल्यातील बाप मुलगा चुकलाच नाही असे म्हणत नाही. तो मेला होता, असेच म्हणतो. १३ मे १९८१ रोजी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आग्चाला पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्षमा केली आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या तुरुंगात जाऊन ते त्याच्याजवळ बसले. तेवढ्याने तुरुंगाचे दार उघडले नाही. इटलीतील त्याचा बंदिवास २००० सालापर्यंत चालूच राहिला. न्याय न्यायाच्या जागी राहिला आणि दया दयेच्या. तेच पोप १९८६ च्या फेब्रुवारीत पुण्यास आले. आम्ही दर्शन घेतले. धडा घेतला काय?

पंडिता रमाबाई आमच्या पंथाच्या नव्हत्या, तरी त्यांचे उदाहरण आम्हांला लाजविणारे आहे. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींनी, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले आपले काम त्यांना दाखविले. या स्त्रियांवर एवढी माया का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने संत योहानच्या ४ थ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. या अनुभवाने आपल्याला ख्रिस्ताची थोरवी कळली, असे रमाबाईंनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. एवढ्या शास्त्रपारंगत विदुषीचे मन वळविले ते टाकलेल्यांसाठी उघड्या राहिलेल्या दाराने. तशी एखादी विदुषी आज आमच्या मागच्या बाकावर येऊन बसली, तर तिला काय दिसेल?

दाखल्यातील बाप दोनदा घराबाहेर आला आहे, एकदा धाकट्यासाठी आणि एकदा थोरल्यासाठी. त्याच्या करुणेची गरज धाकट्यालाच होती, हा आमचा भ्रम आहे. तेव्हा धर्मबंधुभगिनींनो, येत्या रविवारी मागच्या बाकावर एकटा बसलेला दिसेल त्याच्या शेजारी जाऊन बसू या. शांतीचा हात आधी त्याच्यापुढे करू या आणि मिस्सा संपल्यावर त्याला चहाला घरी आणू या. तो आत आलेलाच आहे. बाहेर राहिलो आहोत ते आम्ही.