गोष्टीतला आदिवासी एसटी कधी पकडतो?

कॉलेजच्या गॅदरिंगला ‘आदिवासी डान्स’ ठरला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणीतरी पानांचा ड्रेस भाड्याने आणतं, तोंडाला काळा रंग लागतो, हातात पुठ्ठ्याचा भाला येतो आणि असं गाणं वाजतं ज्याचे शब्द जगातल्या कुठल्याच भाषेतले नसतात. हे मुंबईत झालं तर एकवेळ समजू. पण आपल्या नंदुरबारमध्ये? 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातले जवळपास 69 जण अनुसूचित जमातींचे आहेत. वर्गात शेजारच्या बाकावर भिल्ल, पावरा, मावची, कोकणा घरातलं कुणीतरी बसलेलं असतंच. कदाचित ते तुम्हीच असाल. अंगात जीन्स, हातात मोबाईल आणि डोक्यात सेमिस्टरचं टेन्शन. तरी स्टेजवर ‘आदिवासी’ म्हटलं की पानंच का आठवतात?

कारण आदिवासी माणूस आपण रोज बघतो, पण आदिवासी ‘पात्र’ आपण गोष्टींतून आणि सिनेमांतून उचललंय. तिथे ठरलेले साचे आहेत. एक, रानात नाचणारा भोळाभाबडा. दुसरा, अन्याय सोसणारा मुका. तिसरा, धनुष्यबाण घेतलेला शूर.

‘जैत रे जैत’ आठवा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा 1977 चा सिनेमा. ठाकर समाजाची गोष्ट, प्रेमाने सांगितलेली आणि गाणी तर आजही ओठांवर. मग 1980 चा ‘आक्रोश’. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला लहान्या भिकू जवळजवळ सगळा सिनेमाभर तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा वकील. दोन्ही सिनेमे चांगले आहेत, बघितले नसतील तर जरूर बघा. पण एक आदिवासी गातो, दुसरा गप्प राहतो, आणि साधं बोलणारा मात्र शोधूनही सापडत नाही. उसनवारी कुणाला किती द्यायची, एसटी चुकली तर काय, मेव्हण्याशी भांडण का झालं, हे सगळं कुठे गेलं?

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांनी हेच सोसलंय. 1913 मध्ये तिथल्या वाचकांना कादंबरीतून फू मांचू मिळाला, कपटी, क्रूर चिनी. 1925 मध्ये चार्ली चॅन आला, हुशार, नम्र, सज्जन डिटेक्टिव्ह. एक वाईट चिनी, एक चांगला चिनी, पण दोघेही गोऱ्या लेखकांनी घडवलेले. पडद्यावर गाजलेला चार्ली चॅन तर वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटाने रंगवला. वाईट साच्याला उत्तर म्हणून चांगला साचा आला. माणूस आलाच नाही.

त्याची खरी उत्तरं पुढे चिनी-अमेरिकन घरांतूनच आली. चार्ल्स यू यांच्या ‘इंटिरिअर चायनाटाउन’ला 2020 चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. त्यातला विलिस वू टीव्ही मालिकांत किरकोळ कामं करतो. त्याचं मोठ्यात मोठं स्वप्न काय, तर एक दिवस कुंग फूवाला हिरो व्हायचं! आता जरा थांबा. हा साचा अपमानाचा नाही, कौतुकाचा आहे. तरीही तो साचाच, कारण त्याच्या पलीकडचं स्वप्नच विलिसला बघता येत नाही. आपला ‘शूर धनुर्धारी’ यापेक्षा वेगळा आहे का? खाज्या नाईक, तंट्या भिल्ल यांचा अभिमान हवाच. पण पुण्यात फार्मसी करणाऱ्या धडगावच्या पोरीला ‘अरे वा, मग तुला बाण मारता येत असेल’ असं कुणी विचारलं, तर ते कौतुक तिला टोचतंच.

जीन लुएन यांग यांच्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ या चित्रकादंबरीत एक चुलतभाऊ येतो. चिन्यांवरच्या सगळ्या टिंगली गोळा करून बनवलेला. तो शाळेत आला की नायकाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हे आपल्याला अनोळखी आहे का? होस्टेलच्या रूमवर घरून फोन येतो. आई पावरीत किंवा देहवालीत बोलत असते. पोरगा गॅलरीत जाऊन हळू आवाजात दोन शब्द बोलतो, नाहीतर मराठीतच ‘हो, ठीक आहे’ म्हणून फोन ठेवतो. साच्याचं खरं नुकसान इथे होतं. लोक हसतील या भीतीने माणूस स्वतःच्या आईशी तोडकं बोलायला लागतो.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे घरच्या लेखकांना वाचा. शहादा भागातल्या चळवळीत आयुष्य घातलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह आहे. त्यांची ‘स्टेज’ ही कविता तर याच दुखण्यावर आहे : आमचं दुःख आम्हालाच दुसऱ्यांनी स्टेजवरून सांगावं, हे कसं? धुळे जिल्ह्यातल्या नजुबाई गावित यांची ‘तृष्णा’ वाचा. आपल्या जिल्ह्याचे कलेक्टर राहिलेले डॉ. राजेंद्र भारूड यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ वाचा. मात्र तिथेही सावध राहा. ‘आदिवासी पोरगा म्हणजे कलेक्टर झालाच पाहिजे’ हा आता नवा साचा व्हायला लागलाय. कलेक्टर न झालेल्याचीही गोष्ट असते.

दुसरं, लिहिणाऱ्यांसाठी. ‘मग आम्ही बिगर-आदिवासींनी लिहूच नये का?’ असं कुणी विचारेल. लिहा की! फक्त ‘युवारंग’ची एकांकिका पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमच्या आदिवासी पात्राला नाव आहे की तो नुसता ‘गावकरी’ आहे? दोन आदिवासी पात्रं एकमेकांशी बाहेरून आलेल्या डॉक्टर-मास्तर-साहेबाशिवाय दुसऱ्या कशावर बोलतात का? आणि ती कुठल्या भाषेत बोलतात? काठीच्या होळीतला मोरपिसांचा टोप दाखवायचा असेल, तर त्यामागे नवस असतो, त्यासाठी काही दिवसांची कडक पाळणूक असते, हे आधी समजून घ्या. त्याला नुसती वेशभूषा समजू नका. माहिती नसेल तर गुगलच्या आधी शेजारच्या बाकावर विचारा.

आणि तुम्ही स्वतः आदिवासी घरातले असाल, तर सगळ्या समाजाचं प्रमाणपत्र गळ्यात घालून लिहायची सक्ती तुमच्यावर नाही. आपल्या पात्रांना गोडगोड, निष्पाप ठेवायची गरजही नाही. त्यांना आळशी होऊ द्या, चिडू द्या, प्रेमात आपटू द्या, परीक्षेत केटी लागू द्या. दुसऱ्यांच्या नायकांना ही सूट कधीपासूनच आहे.

यंदा एखादी एकांकिका पूर्ण पावरीत बसवून बघा. परीक्षकांना सगळं कळणार नाही कदाचित. पण प्रेक्षकांत मागे बसलेलं कुणीतरी शेजारच्याला हळूच अर्थ सांगायला लागेल, आणि तेव्हा त्याला आवाज दबवावासा वाटणार नाही.