ढोलाला परवाना, ठरावाला बंदी!

माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यात दिवाळीच्या सुमारास गुसाडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भारदस्त टोप, अंगावर राखेचे पट्टे, हाती दंड आणि मागे ढोलांचा गजर. गोंड वनवासी बांधवांचा हा वारसा सामुदायिक रेडिओवरून ऐकवण्यास दिल्लीतील माहिती व प्रसारण खात्याची काडीचीही हरकत नाही. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक असलेच पाहिजेत, असा खात्याचाच दंडक आहे. मात्र त्याच केंद्रावरील निवेदकाने नगरपंचायतीच्या कालच्या सभेत नळयोजनेवर कोणता सदस्य काय बोलला, एवढेच सांगितले तरी परवान्याच्या अटींचा भंग होतो. गावाने नाचावे, गावे, श्रोत्यांना रिझवावे. गावाच्या कारभाराविषयी मात्र ब्र काढू नये!

हा दंडक आला कुठून? ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची मिरास नव्हे, असा निःसंदिग्ध निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. न्यायपीठात महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्र काढण्याची मुभा मिळायला २००२ उजाडले आणि स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले ते २००६ च्या नोव्हेंबरात. पुढे १५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन मेदक जिल्ह्यातील माचनूर येथे दलित महिलांनी चालवलेले ‘संघम रेडिओ’ सुरू झाले. त्याचे उद्घाटन न्या. सावंत यांच्याच हस्ते झाले, हा योग मोठा बोलका होता. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी तरंग वाहिनीही त्याच वर्षी सुरू झाली. दारे उघडली खरी. पण उंबरठ्यावर जी पाटी टांगली होती, ती तशीच राहिली : वृत्त, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचा मजकूर वर्ज्य.

खात्याने यावर जी मलमपट्टी केली, ती तर अधिकच मासलेवाईक आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. पाणी, वीज, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांविषयीच्या सूचना म्हणजे बातमी नव्हे, असेही खाते म्हणते. फक्त त्या स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या असाव्यात. म्हणजे जिवतीच्या श्रोत्याला दिल्लीतील मंत्रिमंडळाचा निर्णय कळेल, उद्या नळाला पाणी येणार नाही हेही कळेल. ते का येणार नाही, हे मात्र कळणार नाही. ज्याच्याविषयी विचारायचे, त्यानेच लिहून दिलेले वाचायचे! दरम्यान २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी जाहिरातींचा वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेला. साबणाला पाच मिनिटे अधिक मिळाली, ग्रामसभेला एकही नाही. या बाबतीत सत्तेवर कोणता पक्ष आहे, याने काडीचाही फरक पडलेला नाही. बाबूशाही सर्वांची सारखीच!

कला आणि कारभार यांची अशी फारकत करणाऱ्यांना या मातीतील कला ठाऊकच नाही, असे म्हणणे भाग आहे. झाडीपट्टीतील दंडार आणि खडी गंमत टोमण्यांवाचून रंगतच नाहीत. नाथमहाराजांनी तर ‘अर्जदस्त’, ‘ताकीदपत्र’ असे दफ्तरी कागदांचे घाट उचलून भारुडे रचली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने चिमूर १९४२ मध्ये पेटून उठले, ते चिमूरही याच चंद्रपूर जिल्ह्यातले. खात्याच्या नियमाने ती खंजिरी ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ ठरली असती की ‘राजकीय स्वरूपाचा मजकूर’?

जिवतीचे दुखणे आणखी वेगळे आहे. मूळचे गोंड व कोलाम, दुष्काळाने पोळून मराठवाड्यातून येथे आलेली कुटुंबे, बंजारा तांडे. गोंडी, कोलामी, गोरमाटी, मराठी आणि सीमेपलीकडची तेलुगू. गोंडी बोलणारे देशात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख, तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही. डोंगरापलीकडच्या मार्लवाईचे कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; नृत्याला राजमान्यता मिळाली, भाषेला अद्याप नाही. त्यातच तालुक्यातील १४ गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेला. मुकदमगुडा, परमडोली यांसारख्या गावांत वर्षानुवर्षे दोन ग्रामपंचायती, दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्या! सरकारी भूमिका कोणती, जमिनीच्या पट्ट्याचे काय झाले, कोणत्या कार्यालयात जायचे, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगायचे? शंभर वॅटचे प्रक्षेपक आणि तीस मीटरचा मनोरा याला पुरेसे आहेत. पण हे प्रश्न म्हणजे ‘चालू घडामोडी’. त्यामुळे तेथे खात्याचे कुलूप.

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा सरकारने सुरक्षेचा मुद्दा पुढे केला : देखरेखीची यंत्रणा नाही, देशविरोधी शक्ती रेडिओचा गैरवापर करतील. नक्षलवादाची झळ सोसलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला ही भीती पोकळ वाटणार नाही, वाटूही नये. परंतु दंडकारण्यात ‘चेतना नाट्य मंच’ ही माओवाद्यांची सांस्कृतिक आघाडी गावोगाव गोंडी गाणी घेऊन फिरली, ती कोणाचा परवाना काढून? लोकांच्या बोलीची ताकद त्यांनी ओळखली आणि शासनाने आपल्याच प्रामाणिक माणसांच्या तोंडाला पट्टी बांधली. सामुदायिक केंद्राचा पत्ता ठाऊक असतो, चालक नोंदणीकृत असतो, कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे जपून ठेवावी लागतात. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेला यांपैकी काय आहे?

दुसरा आक्षेप असा की गावपुढारी केंद्र बळकावतील. बळकावतील की! पण त्यांना आजचा नियम कुठे अडवतो? नगराध्यक्षांनी महोत्सवाचे उद्घाटन केले, नारळ फोडला, सत्कार स्वीकारला, हे सारे ‘सांस्कृतिक’ म्हणून बिनदिक्कत प्रसारित होते. त्याच महोत्सवावर नगरपंचायतीने किती रुपये खर्चले, हे विचारणारा विरोधी सदस्य तेवढा नियमात बसत नाही. अशी बंदी पुढाऱ्यांच्या पथ्यावरच पडते.

संसदेतील गदारोळ घराघरांत थेट दिसतो. मग नगरपंचायतीची सभा, तिची कार्यक्रमपत्रिका, संमत झालेले ठराव, अंदाजपत्रकातील तरतुदी आणि ग्रामसभेतील प्रश्नोत्तरे हे सारे ‘वृत्त’ या व्याख्येतून वगळण्यास एक परिपत्रक पुरेसे आहे. निवडणुकीच्या काळात आचारसंहिता लागू करावी, दोन्ही बाजूंना समान वेळ देण्याचे बंधन घालावे, खोटे सांगणाऱ्याचा परवाना खुशाल रद्द करावा. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेच्या येत्या अधिवेशनात विचारावा. त्याचे जे उत्तर येईल, ते आकाशवाणीच्या बातम्यांतून जिवतीत ऐकवायला आजही बंदी नाही.